आतली हवा

बाहेर रात्री अकराला त्रेचाळीस,
आत उणे चार.
मध्ये दोन दारं, एक मिटल्याशिवाय दुसरं उघडत नाही,
आणि त्या मधल्या खोलीत
खुंट्यांवर आठ लठ्ठ कोट,
कुणाच्याच मापाचे नसलेले.

मला बोलावलं टायरवाला म्हणून.
शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात माझं दुकान,
दुकान म्हणजे शेठचं, पाना माझा.
वाळूत रुतलेल्या गाड्यांची हवा सोडायची, हेच काम.
पाय रुंद टाकला की वाळू धरते :
एवढं एक वाक्य मी चौदा वर्षं विकतोय.

ट्रॅक्टर निळा, ठेंगणा.
पोरं दिवसभर घसरून बर्फ खाली आणतात,
हा रात्री तो पुन्हा वर नेतो.
अर्ध्या उतारावर चाकं जागच्या जागी दळण दळतात,
खाली काच तयार होते,
आणि इद्रिस, खार्तूमचा, स्टिअरिंगवर कपाळ टेकून
इंजिनाची समजूत काढतो.

साखळ्या घाला, म्हटलं.
रोडेल हसला. खाली वीतभरावर थंडीच्या नळ्या आहेत, कोराते,
एक कडी रुतली तर अख्खा हिवाळा गळून जाईल.
(खोराटे म्हणायला त्याला अजून जमत नाही.)
मग वाळू टाका, म्हटलं.
मॅनेजरने असं पाहिलं
की जसं मी पंगतीत श्रीखंडावर माती टाका म्हणालो.
इथे पांढरं विकतात.
तिकीट पांढऱ्याचं आहे.

आजऱ्याला चिखलणीच्या वेळी गुंडूमामा
मागच्या टायरांत पाणी भरायचा,
तीन वाटे पाणी, एक वाटा हवा,
वर लोखंडी केजव्हील.
चिखल नुसता बघत राहायचा.
इथे पाणी भरावं तर सकाळी टायरात धोंडा.
खारं भरावं तर रिम कुरतडणार.
मामा, तुझं शहाणपण
या दारातून आत येत नाही.

मी यार्डात मोजून वीस पौंड हवा ठेवली होती.
तासाभराने आत मोजली : पंधरा.
गळतंय म्हणून साबणाचं पाणी लावलं,
बुडबुडा नाही.
साबणच गोठला.
मग कळलं, गेलं काहीच नव्हतं.
हवा तेवढीच होती,
फक्त अंग चोरून बसली होती,
बारा खाटांच्या खोलीत नवा माणूस
पहिल्या रात्री बसतो तशी.

तेव्हापासून मी आतल्या टायरची हवा आतच मोजतो.
आणि घरी फोनवर कुणी विचारलं, वजन कमी झालं का रे,
तर म्हणतो, इकडे या, मग मोजा.

दहापर्यंत उतरवली.
टायरचं पोट बर्फावर टेकलं,
चार हात वर चढला, पुन्हा दळण.
वजन पाहिजे होतं.
बाहेर जाऊन कुंपणामागून सहा पोती वाळू भरली,
बासमतीची पोती, त्यांवर लाल गुलाब छापलेला.
मॅनेजरला म्हटलं,
पसरायची नाही ना, मग बसायला हरकत आहे?

मागच्या आसावर पोती करकचून बांधली.
इद्रिसने डिफरन्शियल लॉक दाबला,
काहीतरी पुटपुटला,
आणि वाळू बर्फावर चढायला लागली
सावकाश, खाल्ल्या घरच्या पाहुण्यासारखी,
थेट माथ्यापर्यंत.

पहाटे दिवे लागले तेव्हा दिसलं,
एक पोतं फाटलेलं.
पायथ्यापासून माथ्यापर्यंत पिवळी रेघ,
मुंगीने ओढल्यासारखी.
उघडायला तीन तास.
रोडेल, इद्रिस, मी,
गुडघ्यांवर, खुरप्यांनी,
पांढऱ्यातून पिवळं वेचत बसलो.

वरच्या वळणावर, जिथे निळा नेहमी घसरतो,
तिथली वीतभर मी राहू दिली.
वरून मूठभर बर्फ भुरभुरला.
बाहेर आलो तर कोटाच्या खिशात
गेज नुसतं घामाने ओलं.