आकस

इंगवले साहेबांनी ते यंत्र दिलं तेव्हा
त्याचं सातचं बटण गेलेलं होतं.
चार पेन्सिल सेल, आठ ओळींची राखाडी काच,
वजन दोन किलो गुळाहून कमीच.
"पोरीला असू दे, सुतार.
कास्टिंगची वजनं काढायला नवं मागवलंय."

मी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला.
उद्यमनगरात आमचं पॅटर्नचं दुकान,
खाली रंधा, वर पोटमाळ्यावर मी.
समोरच्या फाउंड्रीत भट्टी फोडली
की माझ्या वहीवर तांबडं पडायचं.

मला एक चाक फिरवायचं होतं.
सहा आऱ्यांचं. एवढंच.
कशासाठी, असं आईनं दोनदा विचारलं.

सात लिहायचं तर आठातून एक वजा.
ओळ साठनंतर थेट ऐंशी.
साईनच्या किमती पुस्तकातून वहीत, वहीतून यंत्रात,
शंभरानं गुणून, अपूर्णांक छाटून.
पंचेचाळीसला सत्तर,
म्हणजे ऐंशीतून दहा.

चौथ्या रात्री लाईट गेली.
यंत्र चालू, पण काचेला स्वतःचा उजेड नाही.
समोर जनरेटरवर ओतकाम चाललेलं,
खिडकीत काच तिरकी धरली त्या उजेडाला.
चाक आलं. फिरलंही.
आणि चाक नव्हतंच ते,
अंडं होतं.

आण्णा वर आले, अंगभर सागाचा भुसा.
"कलंडतंय की गं," म्हणाले,
आणि खाली जाऊन पट्टी घेऊन आले.

बाहेर माणसं आकस मनात धरतात.
आमच्या दुकानात तो लाकडात धरायचे.
लोखंड निवताना आकसतं,
म्हणून आण्णांच्या पट्टीवरचा फूट
फुटाहून एक सूत मोठा.
अख्खा जन्म त्यांनी
मुद्दाम चुकलेल्या पट्टीनं
बरोबर मोजलं.

आडवं मोजलं. उभं मोजलं.
"तुझा ठिपकाच उभट हाय.
उंचीत आकस धर. पाचाला चार."
ओळ एकशे ऐंशी.
मी इंजिनिअरिंग शिकत होते, आणि ते सातवी...
जाऊ दे.

मग फिरलं, गोल.
काच सुस्त, जुनी आरी पुसायच्या आत नवी यायची,
प्रत्येकीमागं एक धुरकट आरी.
"ह्याला पंप कुठं जोडायचा?" आण्णा म्हणाले.
मी हसले. ते नाही हसले.
सेल उतरेपर्यंत उभे होते,
डोकं वाशाला लागू नये म्हणून जरा वाकून.

यंत्र पुढं कुणी नेलं, आठवत नाही.
चाक कॅसेटवर आहे:
एक लांब शिट्टी, मग चाळीसेक सेकंद किरकिर.
त्यात आकस कुठं येतो ते कानानं ओळखता येतं,
असं सांगायला मला आवडलं असतं.
येत नाही.

पट्टी आहे. परवा लेकानं नवा टीव्ही आणला,
भिंतीला लावायच्या आधी मी तिनं मोजला.
चार सूत कमी भरला.