परिशिष्ट तीन

भोसरीच्या शेडमध्ये ती आली होती
प्रश्नावली घेऊन. प्रश्न चौदावा :
आपलं ज्ञान सहकाऱ्यांना देता का?
नेहमी / कधीकधी / कधीच नाही.
ढमढेरेमामा म्हणाले,
बाई, आधी चहा घ्या.

तीन वर्षांनी प्रबंध आला. जाडजूड, निळा.
चौकटी, बाण, बाणांच्या टोकाला चौकटी.
साहेबांनी कपाटात ठेवला, चावी हरवली.

काल रात्रपाळीला ग्राइंडर कण्हायला लागला.
मामा रिटायर होऊन शिरूरला.
कुलूप तोडलं मी.

पान दोनशे बारा, बारीक टायपात
मामांचंच वाक्य, शिवी तेवढी गाळलेली :
"बेअरिंग रडायच्या आधी कुंथतं.
स्क्रूड्रायव्हर टेकव, दांडा कानाला लाव."

लावला.
ते कुंथतंय
की माझंच रक्त वाजतंय, कळेना.

पहाटे तीनला फोन केला.
मामांनी आधी ती गाळलेली शिवी दिली,
मग विचारलं,
कुठल्या कानाला?