चार्ज

होनमाने सर, ही चार्ज यादी. पाच पानं.
सही करा, पण आधी बसा जरा.
त्या खुर्चीवर नको, तिचा पाय निखळलाय.
यादीत ती अठ्ठ्याण्णव सालापासून
'सुस्थितीत' आहे.

कपाटं तीन.
एकाला कुलूप नाही, का ते मागाहून सांगते.
दुसरं उघडतच नाही.
तिसऱ्याची किल्ली निंगव्वाकडे,
तांदूळ, डाळ, तिखट, मीठ.
ती माप भरते तेव्हा मी पाटीकडे बघते.
एकवीस वर्षांत एक मूठ कमी पडली नाही,
ती मोजली असती तर पडली असती, असं मला वाटतं.

पट अडतीस.
दिवाळीनंतर सतरा.
घाबरू नका, आणि नावं तर मुळीच कमी करू नका.
कोयते वाळव्याकडे उतरलेत की कऱ्हाडकडे,
एवढं टोळीच्या मुकादमाला विचारून ठेवा.
मग तिथल्या गुरुजींना फोन लावायचा :
आमची भाग्यश्री आली का?
तिला सातचा पाढा येतो, आठचा घ्या.

हजेरी मी उलटी घेते.
शेवटच्या नावापासून वर.
एक नंबरला आटपाडकर मायाप्पा आहे,
आज्ज्याच्या हाती शेळ्या देऊन
तो पळत येतो तोवर
त्याचं नाव नुकतंच आलेलं असतं.
विस्तार अधिकाऱ्यांनी विचारलं, हे काय?
म्हटलं, साहेब, उतरता क्रम शिकवतेय.

भिंतीवरचं वेळापत्रक रंगवलेलं आहे, छान दिसतं.
मंगळवारी मात्र टँकर आला की गणित.
किती घागरी, किती लिटर, नळीतून किती सांडलं.
पहिलीतली पोरं घरी कानडी बोलतात.
नीरू, म्हणतील तुम्हाला.
'पाणी म्हण' असं लगेच सांगू नका.
आधी पाणी द्या.

समितीची सभा अमावस्येला नको,
निम्मं गाव गुड्डापूरला गेलेलं असतं.
आणि बसगोंडा अण्णा अध्यक्ष आहेत,
सभेत नवं काही ऐकलं की नाही म्हणतात.
दोन दिवस आधी त्यांच्या कट्ट्यावर जाऊन बोला.
सभेत तीच गोष्ट ते स्वतः मांडतात,
आपण टाळ्या वाजवायच्या.

आता ते कपाट.
आत ढाल आहे, सुंदर शाळा, तालुक्यात पहिली.
त्या वर्षी मुलींचं स्वच्छतागृह नवं बांधलं होतं,
पांढऱ्या फरश्या.
समिती येईपर्यंत डाग पडू नये म्हणून
मी त्याला कुलूप लावलं.
सव्वीस दिवस.
सातवीतली रेणुका कोळी दहाव्या दिवसापासून आली नाही.
मी रजिस्टरात 'आजारी' लिहिलं.
घरी गेले तेव्हा ढाल मिळून आठवडा झाला होता
आणि तिचं विजापूरकडे ठरलं होतं.
आईनं चहा केला. कुणी काही बोललं नाही.
रेणुकानं फक्त विचारलं,
बाई, आता उघडं असतंय का?

ते कुलूप मी काढलं आणि
परत कशालाच लावलं नाही.
ढाल कुणी नेत नाही, सर.
पुसायची की नाही, तुम्ही ठरवा.

पान पाच, तळाला, इथं सही.
तारीख आजचीच.
पाच वाजायला सात मिनिटं आहेत.
बाहेर लिंबाला ट्रॅक्टरची थाळी टांगलीय ना,
सुटायची घंटा मायाप्पा देतो.
सकाळी त्याला उशीर होतो,
म्हणून संध्याकाळ त्याच्याकडे दिली,
तेव्हापासून घंटा कधी चुकली नाही.

आज बहुतेक चुकेल.
मघापासून हातोडी घेऊन
दाराशी उभा आहे, माझ्याकडे बघत.
काही बोलू नका त्याला.