भाग सत्तावन्न

सेलूत, मोंढ्याच्या मागच्या गल्लीत
आमचं फॉल-पिकोचं दुकान. तीन मशिनी
आणि एक मोबाइल, काच कोपऱ्यात तडकलेली,
त्यामुळं उत्तरेच्या सरदाराच्या गालावर
कायम एक जखम. आम्हाला ती आवडायची.
काच बदलली तेव्हा तो जरा मिळमिळीत वाटला.

गुरुवारी नवा भाग येतो.
गुरुवारच्या साड्या आम्ही शुक्रवारी देतो.

गोष्ट व्हॅलेराची. नवऱ्यानं तिला विष दिलं,
म्हणजे देऊ दिलं, यावर आमचं भांडण आहे.
ती मेली. डोळे उघडले तर वय अठरा,
लग्नाला अजून वर्ष, परसात तेच गुलाब,
आणि या खेपेला तिला सगळं माहीत.

शबिस्ता म्हणते, हौ, आता जाळ त्याचा किल्ला.
तिचा जीव जादूगारावर. पांढरे केस,
काही मागत नाही, दर भागात एकदा खिडकीत उभा.
मी म्हणते, असल्या माणसाशी बोलायचं तरी काय,
वारा किती सुटलाय?
माझं मत सरदाराला. त्यालाही मागचं आठवलं,
बर्फात गुडघ्यावर बसला, तेव्हा
हातमोज्याची शिवण उसवलेली काढलीय.
चित्र काढणाराला शिवणकाम कळतं.
एवढ्यावर मी त्याला अर्धं माफ केलं.

योगेश्वरी म्हणाली, माफ?
व्याह्यांनी मानाची साडी हलकी दिली म्हणून
तुझी आई चार वर्षं बोलली नाही,
आणि तू विषाला माफ करायलीस?
दोन दिवस आमचं बोलणं बंद.
पिवळा दोरा पाहिजे असला तर
गिऱ्हाइकाच्या हाती निरोप.

कुशावर्तामावशी दाराशी बसून मणी लावते.
वाचून दाखवा म्हणत नाही,
मशिनी थांबल्या की मान जराशी वळते.

सत्तावन्नाव्या भागात साखरपुडा मोडला.
अंगठी भर दरबारात फरशीवर.
शबिस्तानं शिट्टी मारली. योगेश्वरीनं
उरलेली नाणी घालून पुढचा भागही उघडला.
मावशीनं सुई पदराला खोचली.
"मंग ते लेकरू?"

कोणतं लेकरू?

"पहिल्या खेपेला पोरगी होती ना तिला, दात पडलेली.
तुम्हीच वाचलंत.
आता लगीनच न्हाई म्हणल्यावर
ती कुठं जायची?"

आम्ही मागं गेलो. भाग तीन. खरंच होती.
एकच चौकट, पिवळी रिबीन, पुढचा दात नाही,
आईच्या उशाशी उभी.
आणि आम्ही इतके दिवस
सरदाराचे डोळे निळे का करडे यावर भांडत होतो.

शबिस्ता म्हणाली, ती अजून पैदाच नाही झाली ना, खाला.
"आईला तर आठवती का न्हाई?"
योगेश्वरी म्हणाली, लिहिणारी विसरली असेल.
"लिहिणारी विसरंल," मावशी म्हणाली,
आणि सुईत दोरा ओवायला लागली.
नेहमी एका झटक्यात ओवते.

मावशीचा हा दुसरा घरोबा. पहिलं घर पाथरीला.
सेलूहून पाथरी, एसटीनं तासाभराची वाट.
यापेक्षा जास्त आम्हाला माहीत नाही.
त्या दिवशीही कुणी विचारलं नाही.

आता गुरुवारी आम्ही वेगळंच बघतो.
सरदार रडतो, रडू दे. जादूगार खिडकीत, असू दे.
आम्ही गर्दी चाळतो: बाजार, जत्रा, देवळाच्या पायऱ्या,
नाकडोळे न काढलेली कोपऱ्यातली तोंडं.

परवा एकसष्टाव्या भागात, पाववाल्याच्या मागं
काहीतरी पिवळं होतं.
शबिस्ता म्हणाली, लिंबं असतील.
योगेश्वरी म्हणाली, पडदा.
मावशीनं मोबाइल हातात घेतला, पहिल्यांदाच,
दोन बोटांनी चित्र मोठं केलं, अजून मोठं,
इतकं, की नुसते पिवळे चौकोन उरले.

बराच वेळ तसाच धरून बसली.
मग परत दिला. "चार्जिंगला लाव," म्हणाली,
"अन् ही मोरपंखी कुणाची हाय?
संध्याकाळी द्यायचीय ना?"