साडेतीनची बस

दोंडाईचा स्टेशनावर उतरलो आणि आधी शिंकलो.
नऊ महिन्यांत नाक विसरलं होतं
मार्केटकडून येणारा मिरचीचा वारा.
हमाल हसला, "बाहेरगावचे का बाबा?"
मी?
जन्मभर याच गावात
जिनिंगच्या काट्यावर कापसाची वजनं लिहिली.
पण बोललो नाही.
खिशात अजून तिकडची दोन नाणी वाजत होती.

कुलूप उघडलं, दार उघडेना.
शकुर पिंजाऱ्याने खांदा लावला
तेव्हा घरानं मला आत घेतलं.
भिंतीवर ऑगस्ट तसाच लटकलेला.
सवयीनं मी मोरीत डावा नळ शोधला,
गरम पाण्याचा.
तिथे नुसता खिळा होता, त्यावर माझाच जुना टॉवेल.

कौतिकबाई कळण्याची भाकरी घेऊन आली.
"कवय उनात आप्पा? वहिनी?"
म्हटलं, ती सप्टेंबरला. नातीला सोडून निघवेना तिला.
मला वाटलं आता बर्फाचं विचारेल,
उणे तीस म्हणजे किती, ते सांगायची तयारी करूनच आलो होतो.
तिनं विचारलं,
"तठे पानी कवय येस?"

मी घास हातात धरून बसलो.
तिथे पाणी येत नाही, बाई.
तिथे ते असतं.

हे तिला उत्तर वाटलं नाही.
ताट झाकून गेली.

रात्री तीनला डोळे टक्क उघडे.
एडमंटनमध्ये दुपारचे साडेतीन,
कोपऱ्यावर पिवळी बस यायची वेळ.
पाय आपोआप चपला शोधतात,
मोज्यांसाठी हात खाली जातो.
अंगाला कोण सांगणार
की तो कोपरा मागे राहिला?

फोन लावतो. "आली का?"
"वळणावर दिसतेय," ती म्हणते.
मग ब्रेकचा तो लांब सुस्कारा,
मग मिहिका, धापा टाकत:
"आजोबा, तुमच्याकडे अजून काळोखच?"

चौथ्या रात्री असाच फोन कानाला,
आणि अंगणातला नळ खोकला.
आधी हवा. मग गंजाचं लालसर थुंकणं.
मग पाणी.
भिकनने व्हॉल्व्ह फिरवला होता,
त्याची वेळ त्यालाच ठाऊक,
आणि सगळी गल्ली खाटांवर मेल्यासारखी झोपलेली.

मी कड्या वाजवत सुटलो.
कौतिकबाई, शकुर, निंबा शिंपी,
वरच्या खोलीतला नवा मास्तर.
मोटारी घुरघुरल्या, हंड्यांवर हंडे आपटले.
"तुमले कसं कळनं आप्पा?"
बसची वाट बघत होतो, म्हणालो.
निंबा मास्तराकडे बघून नुसता हसला.

मग गल्लीनं गजर लावणं सोडलं.
तीन पाळ्या मीच उठवली सगळ्यांना.
गावात पुन्हा काहीतरी काम मिळालं,
बिनपगारी,
रात्रपाळीचं.

झोप मात्र लबाड.
रोज पाव तास पुढे सरकत होती, मला न विचारता.

आखाजीच्या आदल्या रात्री
माझ्याच दारावर थापा.
"ओ आप्पा, उठा! पानी उनं!"
कौतिकबाई. पदर खोचलेला, हातात माझीच बादली.
धडपडत उठलो, नळी लावली,
आणि मग फोन पाहिला.
तीन वाजून चार मिनिटं. तीन वाजून सहा.
दोनदा वाजून गप्प झालेला.

"येऊन गेली बस," ती म्हणाली.
"फोनकडे बघत होती पोर. झोपला होतात?"
"हो."
"लागली का, चांगली?"
"हो."
"बरं झालं."

पुढे ती काही बोलली नाही, मीही नाही.
तिच्याकडे कुणीतरी दप्तर फरशीवर टाकलं.
माझ्याकडे टाकी भरून
पाणी ओट्यावरून गल्लीत निघालं होतं,
आणि शकुर ओरडत होता,
"आप्पा, नळी! नळी काढा!"