विरजण

लूम विकला, त्या जागी टाकी बसवली.
फरशीत बोल्टची चार भोकं अजून आहेत,
बरोब्बर त्यांच्या मधोमध.
फरशीला उतार मोरीकडं, म्हणून स्टँडच्या एका पायाखाली
पत्र्याची चकती. ताटलीत पाणी घेऊन
तीनदा बघितलं, कुठं कलतंय का.

नागमणी सुपात विड्या वळत होती. मान वर न करता म्हणाली,
नळ येतोय पाचव्या दिवशी
आणि तुम्ही सत्तर लिटर काचेत कोंडणार?

अल्ताफ मणियारला विचारलं, क्लोरीन कसा घालवायचा.
घर कुठं, म्हणाला. अशोक चौकाच्या मागं.
बॅरल उघडाच असतो ना?
उघडाच.
मग कधीच गेला की ओ क्लोरीन!
बाकीचे लोक मुद्दाम पाणी शिळं करतेत, चाचा,
आपलं आपोआप होतंय.

वाळू धुतली. सातव्या बादलीला
पाण्यातून तळाचा शिक्का दिसला.
लांब पातीचं गवत रोवलं, रात्रीत उपटून वर आलं,
परत रोवलं, दगड बांधून.
पंप लावला.
मासे नाहीत.

पहिला आठवडा, मासे नाहीत.
दुसरा.
रोज सकाळी नसलेल्या माशांना
चिमूटभर दाणा टाकायचा. अल्ताफनं सांगितलेलं,
दाणा कुजू दे, कुजलेलं खाणारे आधी येऊ देत,
ते डोळ्यांना दिसत नाहीत.
शेजारची शिवलीला दारातून डोकावली,
मासे लपलेत का?
येंडगे मास्तर काचेवर टिचकी मारून म्हणाले, छान आहेत.

मग एक दिवस अल्ताफनं त्याच्या टाकीतला
काळपट, गिळगिळीत स्पंज
पिशवीत घालून दिला. आमच्या टाकीत पिळा, म्हणाला.
एवढं स्वच्छ पाणी, त्यात हे?
मी पिळत नव्हतो. नागमणी उठली,
बघितलं, आणि म्हणाली,
विरजण आहे की हे.
तिच्या एका शब्दात मला तीन आठवडे कळले.

चौथ्या आठवड्यात मोली, तीनच.
एक नर, दोन माद्या. बोअरचं जड पाणी
यांना मानवतं. नियॉनचा हट्ट सोडा,
तो मऊ पाण्यातला, आपल्या एप्रिलात शिजेल.
फायटर नको, गप्पीची शेपटी बघून त्याचं डोकं फिरतं.
गप्पी दहा दिवसांनी. प्लॅटी त्यानंतर.
सगळं बिऱ्हाड एका रात्रीत आणू नका.

पिशवी तशीच तरंगत ठेवली अर्धा तास.
वाटी वाटीनं आमचं पाणी त्यांच्या पाण्यात.
लाइट बंद करून आम्ही दोघं
बिनकामाचे बसून होतो.

तिसऱ्या दिवशी काळी मादी तळाला आडवी.
चहाच्या जुन्या गाळणीनं तीच काढली नागमणीनं,
कढीपत्त्याच्या डब्यात पुरली.
मला वाटलं, आता बोलेल सत्तर लिटरचं.
बोलली नाही. दर आठवड्याला उपसलेलं पाणी
त्याच डब्याला घालते, आणि परवा
पानं चुरून वास घेत होती.

चव्वेचाळीस डिग्रीला दुपारी
बर्फाची बाटली सोडतो पाण्यात. लाइट गेली
की सेलचा पंप. बावीस वर्षं लूमच्या खडखडाटात झोपलो,
तो थांबल्यावर वर्षभर झोप नव्हती.
आता पंपाची घरघर, फारच बारीक,
कान द्यावा लागतो.

एक गोष्ट अल्ताफनंही सांगितली नव्हती.
दाणा टाकायला उठली की नागमणी
मोरीवर जाते, हात कोपरापर्यंत धुते,
वास घेते, परत धुते.
तंबाखूचा हात आहे, म्हणते,
त्यांना नको लागायला.

एवढा हात तिनं
आमच्या भाकरीच्या पिठाला कधी धुतला नाही.
मी हे तिला म्हणालो.
ती म्हणाली, तुम्ही बोलता की.
हे कुठं सांगणार?