जॉब नंबर चार

सातपूरच्या आयटीआयमध्ये जॉब म्हणजे नोकरी नव्हे.
जॉब म्हणजे लोखंडाचा तुकडा,
पन्नास बाय पन्नास, जाडी नऊ,
मोरचूद फासून व्हाइसमध्ये आवळलेला.
आणि फाईल म्हणजे कानस.
हे कळायला माझा पहिला आठवडा गेला.
नितेश गावित म्हणाला, मॅडम,
तुमची फाईल बांधायची,
आमची घासायची.

माझी फाईल :
'वंचित युवकांचे व्यावसायिक प्रशिक्षण
आणि शैक्षणिक लेखनकौशल्य : एक अभ्यास.'
नमुना साठ. प्रश्नावली चाळीस कलमी.
चौथ्या प्रकरणात दोन वर्षं रुतलेली.

कलम तेवीस : लेखनामुळे माझी रोजगारक्षमता वाढते.
अठ्ठावन्न जण 'पूर्णतः सहमत'.
का, विचारलं.
म्हणाले, पहिला चौकोन तोच होता,
आणि शनिवार होता, सुरगाण्याची बस पावणेपाचला.
अंबडच्या एका कंपनीत जाऊन विचारलं,
यांना लिहिता यायला हवं का?
सुपरवायझर म्हणाला, शिफ्ट संपताना
किती नग झाले, तेवढं.

डिसेंबरात सकाळी आठला
कानस बोटाला चिकटते इतकी गार.
शेजवळ सर जॉबला गुण्या लावतात,
उजेडाकडे धरतात, एक डोळा मिटून.
फट दिसली तर बोलत नाहीत.
परत देतात.

माझ्या मार्गदर्शक बाई मात्र लाल शाईत पुष्कळ बोलतात.
'मी' काढा.
'मला वाटले' काढा.
'संशोधिकेस असे आढळून आले' असे करा.
मग मी मला काढत गेले पानापानातून,
कडेचा बर काढतात तसं,
आणि उरलं ते गुळगुळीत,
कुणाच्याच हाताला न लागणारं.

मुलांच्या प्रात्यक्षिक वह्या तपासल्या, साठच्या साठ.
उद्देश. साहित्य. कृती. दक्षता.
गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी वहीतून उतरवलेलं,
त्यानं 'समांतर'चं 'समांथर' केलं असणार,
तर साठ वह्यांत समांथर.
नोंद केली : स्वतंत्र लेखनाचा अभाव.
रात्री माझं दुसरं प्रकरण उघडलं.
अमुक यांच्या मते. तमुक यांच्या मते.
त्यांचंही मत, पुन्हा, आणखी कुणाच्या तरी मते.
माझं समांथर कुठे असेल
ते शोधत बसले दोन वाजेपर्यंत.

सतराव्या वहीच्या शेवटी मात्र, पेन्सिलीत,
मार्कांच्या चौकटीबाहेर, हे होतं :
"जॉब नं. ४. दोनदा बिघडला.
तिसऱ्यांदा बघितलं नाय, नुसतं ऐकलं.
कानस सरळ चालली का आवाज बदलतो.
हात बसला."

प्रकरणात घातलं, जसंच्या तसं.
बाईंनी भोवती गोल काढला. संदर्भ?
मी लिहिलं : गावित, नितेश. बाक सहा, खिडकीकडचा.
असा संदर्भ चालत नाही, बाई म्हणाल्या,
आणि चिडल्या नव्हत्या, खरंच चालत नाही.
उत्तरदाता क्र. १७ करा.

केलं.

मग त्यालाच वाचायला नेलं.
पँटला हात पुसून त्यानं कागद घेतला,
तरी कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा उठलाच.
वाचताना त्याचे ओठ हलत होते.
एका ठिकाणी थांबला.
"हे वंचित घटक म्हणजे कोण?"
तुम्ही, मी म्हणाले. म्हणजे, तसं लिहायची पद्धत आहे.
त्यानं मागे वळून बघितलं.
वेल्डिंगच्या पडद्याआड दीपाली वाघेरे
तोंडावर काच ओढून घेत होती.
"तिला सांगू नका. भांडंल."

उरलेलं वाचून झालं.
मग त्यानं कागद उजेडाकडे धरला,
सर धरतात तसा, एक डोळा मिटून.
काही बोलला नाही.
परत दिला.